शून्यबाई आणि बंधाऱ्याची भिंत

शून्यबाईंना पगार मिळायचा तो मासे मोजायचा, आणि दहा वर्षांत त्यांच्या नावावर एकही मासा नव्हता. यात त्यांचा दोष काय? मासा आलाच नाही तर बाई काय तो घरून पिशवीत घालून आणणार? पण लोकांना नाव ठेवायला निमित्त लागतं, कारण नाही. रोज संध्याकाळी बाई कार्यालयात फोन करून "आज शून्य" एवढे दोन शब्द सांगत. तिकडच्या कारकुनाने त्यांचं बारसं करून टाकलं. पुढे ते नाव घरीही आलं, आणि नवरासुद्धा गिऱ्हाइकांसमोर, "आमच्या शून्यबाई येतीलच आता," असं मोठ्या कौतुकाने सांगायला लागला.

त्याआधी बाई बाटल्यांच्या कारखान्यात होत्या. समोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या आणि त्यातली तडा गेलेली बाटली उचलून बाजूला काढायची. बारा वर्षं ते केल्यावर डोळ्यांना अशी सवय लागली की समोरून काहीही सरकलं की बाई मोजायच्या. लग्नाच्या वरातीत माणसं, छपरावरून उडालेले पारवे, जिन्याच्या पायऱ्या. कारखाना बंद पडला तेव्हा बंधाऱ्यावर मोजणीदार हवा असल्याची जाहिरात आली, आणि बाईंना वाटलं, ही नोकरी माझं माप घेऊनच शिवली आहे.

बंधारा म्हणजे जिथे नदी संपते आणि खाडी सुरू होते, बरोबर तिथे बांधलेली भिंत. वरच्या अंगाला गोडं पाणी, खालच्या अंगाला भरती-ओहोटी. भिंतीच्या एका टोकाला माशांसाठी जिना केलेला. सिमेंटच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक डबकं, वरून पाणी धबाधबा खाली येणार आणि मासा उड्या मारत वर जाणार, अशी कल्पना. जिन्याच्या पोटात एक खोली, खोलीला जाड काचेची खिडकी, खिडकीसमोर खुर्ची, खुर्चीत बाई. हातात एक यंत्र, अंगठ्याने दाबलं की टक् होतं आणि आकडा एकाने वाढतो. बाई त्याला टकटक्या म्हणत.

आता शून्याची गोष्ट सांगायची तर चारशे बाराची आधी सांगावी लागते. पहिल्याच मोसमात बाईंनी चारशे बारा मासे मोजले होते. कार्यालयात आनंदीआनंद. आकडा पुस्तिकेत छापला, बाईंना शाल दिली. मोसमाच्या शेवटी बाईंच्या लक्षात आलं की येणाऱ्या प्रत्येक माशाच्या कल्ल्यावर एक पांढरा ठिपका आहे. त्या आणखी दोन दिवस नीट बघत बसल्या. मासा एकच होता. तो जिन्यातच राहायचा, वर जायचा आणि खाली यायचा, जेवणानंतर शतपावली करावी तसा. बाईंच्या वहीत दोन रकाने होते, 'वर गेले' आणि 'खाली आले', आणि हौसेच्या भरात त्यांनी दुसऱ्या रकान्याकडे बघितलंच नव्हतं.

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. शाल तर मिळालीच होती. बाई मात्र दुसऱ्या दिवशी शाल घडी करून कार्यालयात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "वर गेले चारशे बारा, खाली आले चारशे बारा. बाकी शून्य." शाल कोणी परत घेतली नाही, पण त्या दिवसापासून बाईंच्या आकड्यावर कोणी विश्वासही ठेवला नाही. बाईंनीही शपथ घेतली, की यापुढे स्वतःच्या डोळ्यांनी बंधारा ओलांडून वर गेलेला दिसेल तोच मासा लिहायचा. नंतर तो ठिपकेवालाही कुठे नाहीसा झाला. राहिली खिडकी, आणि खिडकीत हिरवं पाणी.

मासे का येत नव्हते हे सांगायला पंडित नको. नदीचं बहुतेक पाणी वरच्या अंगाला मोठ्या कालव्यात वळवलं होतं. उरलेलं एवढं थोडं, की बंधाऱ्याच्या माथ्यापासून हातभर खाली राहायचं. जिन्यातून पडायचं तेवढंच खाडीला मिळायचं. पाणी कमी झालं तसं समुद्र वर सरकला. आधी काठावरच्या विहिरी मचूळ झाल्या, मग पाणथळीतली लव्हाळी पिवळी पडली, मग शिंपल्या गेल्या, आणि शिंपल्या गेल्यावर त्यांच्यावर जगणारे लांबचोचे पक्षी कशाला राहतील? हे सगळं इतकं हळूहळू झालं की कोणी ओरडलंसुद्धा नाही. बाईंच्या सासूबाई तेवढ्या म्हणायच्या, "पूर्वी खाडीला वास यायचा चिखलाचा. आता नुसता मिठाचा येतो, बरणी उघडल्यासारखा." आणि लगेच पुढे, "शून्य मोजायचा पगार देतात होय तुला? मी घरबसल्या अर्ध्या पैशात मोजलं असतं."

नियमाच्या कागदात दोन कलमं होती आणि बाईंना ती पाठ होती. पहिलं असं, की लागोपाठ दहा मोसम एकही मासा बंधारा ओलांडून वर गेला नाही तर जिना बुजवायचा आणि त्याचं पाणीही कालव्यात घालायचं. दुसरं असं, की मासे बंधारा चढत असतील तेव्हा नदीचं पाणी कमी करायचं नाही. दहावा मोसम पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संपत होता. त्या दिवशी मोठे साहेब येणार, बाईंची सही घेणार, आणि मग खाडीला गोडं पाणी म्हणून थेंबही जाणार नाही.

नोकरी गेली असती त्याचं बाईंना एवढं वाटत नव्हतं. नवऱ्याचं शिलाईचं दुकान बरं चालत होतं. पण आपल्या सहीने नदी बंद व्हावी हे त्यांना गिळवत नव्हतं. रात्रंदिवस वाटायचं, एक खोटा टक्, फक्त एक, कोणाला कळणार आहे? आणि मग चारशे बारा आठवायचे आणि अंगठा गार पडायचा.

आणि अशात कालवा फुटला.

म्हणजे कोणी फोडला नाही. त्याला स्वतःलाच कंटाळा आला असावा. एका वळणावर भराव खचला, दुरुस्तीला आठ दिवस लागतील असं ठरलं, आणि तोवर सगळं पाणी नदीतच सोडायचं. वर कालव्याच्या तोंडाशी नदीच्या दारांचं मोठं चाक फिरवणारा माणूस बाईंना ताई म्हणायचा. त्याचा गुरुवारी फोन आला. "ताई, सगळी दारं उघडलीत. खुर्ची बांधून ठेवा."

पाणी आलं ते गडगडत नाही, आपल्या घरी आल्यासारखं आलं. दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यामागे माथ्याला दोन बोटं कमी एवढं चढलं. तिसऱ्या दिवशी खाडीच्या पाण्याचा रंग बदलला, काळपट हिरव्याचा चहासारखा तांबूस झाला. चौथ्या दिवशी पाणथळीत बेडकांनी असा काही सूर लावला, की सासूबाई खिडकी बंद करायला उठल्या आणि उघडीच ठेवून परत आल्या. पाचव्या दिवशी दोन लांबचोचे येऊन चिखलात चोच घालून बघू लागले, घर भाड्याने घ्यायला आलेल्या जोडप्यासारखे. माणसंही पिसाळली. कोणी पाण्यात पाय सोडून बसलं, कोणी नुसतंच हसत सुटलं. खाडीतला नावाडी भर बाजारात पाणी ओंजळीत घेऊन फिरत होता, "चाखा, चाखा, गोडं आहे," म्हणत. दोन-तीन जणांनी खरोखर चाखलं. एकाचं पोटही बिघडलं, पण त्याने तक्रार केली नाही.

बाई मात्र खिडकीसमोर डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. सकाळी सातला यायच्या त्या अंधार पडेपर्यंत. पापणी लवली तर पाप. जिन्यात पाण्याचा नुसता धिंगाणा चालला होता, खिडकीबाहेर फेस, बुडबुडे, एक तुटकी चप्पल, पुन्हा फेस. मासा नाही. बुधवारी दुपारी बाई इतक्या रडकुंडीला आल्या की त्यांनी चपलेसाठी टक् करायला अंगठा उचलला होता.

तेवढ्यात नवरा डबा घेऊन आला. शिंपी माणूस, गळ्यात टेप, कानावर खडू, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. दारातच उभा राहून म्हणाला, "अगं, बाहेरची भिंत हलतेय."

"भिंत कशी हलेल? चष्मा पुसा."

"पुसला. दोनदा पुसला. हलतेय."

बाई उठल्या त्या डब्यावर चिडून. पायऱ्या चढून बाहेर आल्या. जिन्याला लागून बंधाऱ्याची सावलीतली भिंत होती, दीड माणूस उंच, आणि बाई रोज तिच्याकडे पाठ करून खाली उतरायच्या. दहा वर्षं कोरडी ठणठणीत असलेली ती भिंत आता ओली होती. मागे पाणी चढल्यामुळे वरच्या एका सांध्यातून ते झिरपत होतं, आणि सांध्यापासून खाली सगळ्या शेवाळावर पाण्याचा पातळ पदर पसरला होता. त्या पदरावर बोटभर लांबीचे काचेचे दोरे चढत होते. शेकडो. प्रत्येक दोऱ्याला टाचणीच्या टोकाएवढे दोन काळे डोळे. वळवळायचे, चिकटायचे, दम खायचे, पुन्हा वळवळायचे.

"वामीची पिल्लं," बाई म्हणाल्या आणि तिथेच ओल्यात बसल्या.

वाम, ही सापासारखी लांबडी मासळी, जन्मते खोल समुद्रात आणि मोठी होते नदीत. पिल्लं एवढाले समुद्र ओलांडून येतात आणि किनाऱ्याशी गोड्या पाण्याचा वास शोधत फिरतात. वास आला तर नदी आहे, नाही आला तर नाही. दहा वर्षं त्यांच्या लेखी इथे नदीच नव्हती. सहा दिवस पाणी काय गेलं, त्यांना पत्ता लागला. आणि मोठ्या माशांसाठी बांधलेल्या जिन्यातल्या धबधब्यात त्या इवल्या जिवांचा काय टिकाव लागणार? त्यांनी आपली ओली भिंत धरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा, फक्त इथे वळसा खुर्चीत बसून घातला होता. बाईंना इतकं हसू लोटलं की नवऱ्याला त्यांचा दंड धरावा लागला.

हसणं ओसरल्यावर बाई सवयीने मोजायला गेल्या. टकटक्या हातात, अंगठा तयार. चाळीसपर्यंत जमलं, मग दोरे एकमेकांत गुंतले, दोनाचे सात दिसायला लागले. नवऱ्याने खडूने भिंतीवर वीतभर चौकट आखून दिली. चौकटीतही तोच गोंधळ. पण बाईंचा चेहरा उतरला तो त्यामुळे नाही. त्यांनी नजर वर नेली होती.

पाणी झिरपत होतं त्या सांध्यापासून माथ्यापर्यंत हातभर भिंत कोरडी होती. सगळी पिल्लं सांध्यापर्यंत यायची, ओल संपली की थांबायची, आणि निसटून खाली पडायची. वर एकही जात नव्हतं.

"हजार असू देत," बाई म्हणाल्या. "वर गेलं नाही तर माझ्या वहीत शून्यच."

"तू नियम जरा सैल कर की. कमरेत दोन बोटं सैल ठेवतोच आपण."

"एकदा ठेवला होता सैल. चारशे बारा बोटं."

गुरुवारी नवऱ्याने दुकान उघडलं नाही, आणि शुक्रवारी दुपारी तो आला तो चिंध्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन. सुती चिंध्या, अस्तराच्या, खिशाच्या, बाह्यांच्या. दोन दिवस बसून त्याने त्या एकाला एक जोडून लांबच लांब पट्टे शिवले होते, दुहेरी टीप मारून. "दिव्याची वात तेल वर ओढते ना," तो म्हणाला, "मग ही पाणी ओढेल." त्याने पट्ट्यांचं एक टोक बंधाऱ्यामागच्या पाण्यात बुडवलं, दगड ठेवून दाबलं, आणि दुसरं टोक माथ्यावरून अलीकडे भिंतीवर सोडलं. कापड ओलं व्हायला लागलं. आधी माथ्यावर, मग कडेवर, मग थेंब थेंब करत खाली सांध्यापर्यंत. भिंतीला झालर लावल्यासारखं दिसत होतं, आणि झालरीत एक पट्टा फुलाफुलांचा होता.

साहेब आले ते बरोबर तीनला, हातात कागद घेऊन. कालवा दुरुस्त झाला होता. चार वाजता चाकवाला दारं पाडणार, पाणी उतरणार, आणि अर्ध्या तासात भिंत सुकणार होती.

"बाई, सही करून टाकू," साहेब म्हणाले. "दहावं वर्ष. शून्यच ना?"

"अजून तास आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा पालथे पडता का?"

असं साहेबांना यापूर्वी कोणी विचारलं नसावं. पण बाईंचा आवाज असा होता की ते पडले. बंधाऱ्याच्या माथ्यावर तिघं पोटावर पालथी, माना कडेवरून खाली काढलेल्या. साहेबांनी भिंत बघितली आणि ते आणखी पुढे सरकले. मग अधिकारी जागा झाला. "पण वर गेलाय का एखादा? आणि ही कापडं कसली? हे चालतं का नियमात?"

"सिमेंटचा जिना चालतो," नवरा म्हणाला, "तर चिंधी का नाही?"

साहेबांनी कागद उलटा करून वाचला, सुलटा करून वाचला. चिंध्यांबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

पहिलं पिल्लू कापडाला चिकटलं, वीतभर चढलं आणि पडलं. दुसरं शिवणीत अडकलं. नवरा स्वतःशीच पुटपुटला, "तिथे टीप जाड झाली." तिसरं, चौथं पडलं. पाचव्याने फुलाफुलांचा पट्टा धरला. साहेब नकळत म्हणायला लागले, "चल, चल, चल." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चाकवाला होता. "साहेब, चार वाजले. पाडू का?"

"थांब पाच मिनिटं."

"कालव्यावर लोक वाट बघतायत, साहेब."

"अरे थांब म्हटलं ना."

पिल्लू कडेशी आलं आणि थांबलं. त्याच्या पारदर्शक अंगात काळजाचा लाल ठिपका उडताना दिसत होता. बाईंना वाटलं आपलंही तसंच दिसत असणार. मग पिल्लाने डोकं उचललं, माथ्यावरच्या ओल्या कापडावर आडवं झालं, तिघांच्या नाकांसमोरून वळवळत पलीकडे गेलं आणि वरच्या पाण्यात शिरलं. आवाजसुद्धा झाला नाही.

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई पाण्याकडे बघत होत्या. ते परत खाली आलं नाही.

"लिहा," साहेब म्हणाले.

बाईंनी वही उघडली. दहा वर्षांत 'वर गेले' हा मथळा त्यांनी इतक्या वेळा बघितला होता की तो नुसता रेघोट्यांसारखा दिसायचा. आज तो वाचता आला. त्यांनी खाली एक लिहिला आणि त्या रडायला लागल्या, अगदी मोकळेपणाने, लहान मुलीसारख्या. दहा वर्षं आपण मासे मोजत नव्हतो, नदी गेली की अजून आहे ते कळण्याची वाट बघत होतो, हे त्यांना आत्ता कळलं. "आहे हो," त्या नवऱ्याला सांगत होत्या, "आहे, आहे." नवरा टेपच्या टोकाने त्यांचे डोळे पुसत होता. टेप मेणकापडाची, त्यामुळे पुसलं काहीच जात नव्हतं.

"बाई, रडू नंतर," साहेब पालथे पडूनच म्हणाले. "दोन झाले. तीन. अहो, हे चार-पाच बरोबरच चाललेत. तो टकटक्या इकडे द्या."

फोनमधून चाकवाल्याचा आवाज येतच होता. "साहेब, झाली पाच मिनिटं. किती वेळ उघडी ठेवायची दारं?"

साहेबांना उत्तर द्यायला सवड नव्हती. बाईंनी त्यांच्या दुसऱ्या हातातून फोन काढून घेतला आणि खाली बघितलं. भिंत पायथ्यापर्यंत चमकत होती, आणि पायथ्यापासून खाडीच्या पाण्यात एक काळपट, हलता पट्टा लांबवर, वळणापलीकडे गेला होता.

"मासे बंधारा चढतायत. चाकाला कुलूप घाल," बाई म्हणाल्या, "आणि घरी जा."